स्टॉकहोम तीन दिवसांत: पाहुणे फिरवता फिरवता बसलेली वाट

किस्ता हा स्टॉकहोमचा आयटीवाल्यांचा भाग. नवऱ्याला तिथे नोकरी लागली म्हणून आम्ही इथे आलो, आणि घर पुरतं लागायच्या आत नागपूरहून मामा-मामी येऊन पोचले. उत्साहाच्या भरात मी त्यांना एकाच दिवसात राजवाडा, नगरभवन, वासा संग्रहालय, स्कान्सेन आणि वर संध्याकाळची बोट असं सगळं दाखवलं. रात्री मामी गुडघ्याला बाम चोळत म्हणाली, "गाव छान आहे गं, पण मला आज नुसते दगडच दिसले." जुन्या शहरातली फरसबंदी ओबडधोबड गोट्यांची आहे. ठेच लागू नये म्हणून बिचारी दिवसभर खाली बघूनच चालत होती.

त्यानंतर सासूबाई आल्या, भाऊ-वहिनी आले, कॉलेजच्या मैत्रिणी आल्या. दर खेपेला क्रम थोडा बदलत गेला आणि आता वाट बसली आहे. तिचं सूत्र सोपं आहे: शहर १४ बेटांवर वसलंय, तर दिवसही बेटांप्रमाणे पाडायचे. एका दिवसात एक बेट, फार तर दोन. 'दहा प्रेक्षणीय स्थळे' अशी यादी घेऊन या टोकाचं त्या टोकाला पळायचं नाही, कारण इथे दोन ठिकाणांच्या मधलं पाणी हेच अर्धं स्टॉकहोम आहे.

निघण्याआधी

मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत या. जूनमध्ये पहाटे साडेतीनला सूर्य उगवतो आणि रात्री दहानंतर मावळतो, त्यामुळे जेवल्यावरही दोन तास फिरणं होतं. डिसेंबरात दुपारी तीनच्या आत दिवस संपतो. तेव्हाचे दिवे सुंदर दिसतात, पण पहिल्यांदा येणाऱ्याने तो धोका पत्करू नये. जूनमध्ये येत असाल तर एक तारीख जपा: मिडसमर. १९ ते २५ जूनमध्ये येणाऱ्या शुक्रवारी हा सण असतो आणि आदल्या दिवशी दुपारपासूनच शहर गावाकडे निघतं. दिवाळीच्या पाडव्याला पुण्यातली हॉटेलं शोधत फिरल्यासारखी गत होते.

रोख पैसे आणू नका, हे मी कितीदा सांगितलं तरी कमीच. मामांनी क्रोनरच्या कोऱ्या नोटा आणल्या होत्या. पहिल्याच बेकरीत काउंटरवर पाटी: रोख घेत नाही. पुढे बस, संग्रहालय, अगदी पैसे देऊन वापरायचं स्वच्छतागृह, सगळीकडे तेच. नोटा जशा आल्या तशा परत गेल्या. फॉरेक्स कार्ड किंवा परदेशात चालणारं साधं कार्ड पुरतं, फक्त ते टेकवून पैसे देता येतात ना, याची खात्री निघण्याआधी करून घ्या.

आर्लांडा विमानतळ शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. वेगवान गाडी १८ मिनिटांत मध्यवर्ती स्थानकात सोडते, पण तिचं तिकीट चांगलंच महाग. चार माणसं असाल तर विमानतळाची बस बरी. सगळ्यात स्वस्त रस्ता म्हणजे ५८३ नंबरच्या बसने मार्श्टा स्टेशन गाठायचं आणि तिथून लोकल पकडायची, शहराच्या साध्या तिकिटात काम होतं. वेळ जातो आणि बॅगा दोनदा चढवाव्या लागतात, तेव्हा आईवडील बरोबर असतील तर हा कंजूसपणा करू नका.

शहरातली मेट्रो, बस, ट्राम आणि काही फेरीबोटी एकाच संस्थेच्या आहेत. तिचं नाव एसएल. एकेरी तिकीट ७५ मिनिटं चालतं आणि तेवढ्या वेळात कितीही वाहनं बदला. तीन दिवस राहणार असाल तर ७२ तासांचा पास घ्या, म्हणजे पाय दुखले की समोर दिसेल त्या बसमध्ये बसता येतं. ज्येष्ठांना सवलत आहे, ती आपल्या पाहुण्यांनाही मिळते.

उच्चाराचं एक गुपित सांगते. स्वीडिशमध्ये 'डी' आणि 'जे' शेजारी आले की 'डी' मुका होतो. म्हणून नकाशावर 'ज्युरगार्डन'सारखं दिसणारं बेट खरं तर 'यूरगोर्दन' आहे. रस्ता विचारताना हे माहीत असलेलं बरं.

पहिला दिवस: गाम्ला स्तान आणि नगरभवन

सकाळी नऊच्या सुमाराला गाम्ला स्तान स्टेशनवर उतरा. नावाचा अर्थच 'जुनं शहर'. पश्चिमेकडून मेलारेन सरोवराचं गोडं पाणी येतं, पूर्वेकडून बाल्टिक समुद्राचं खारं, आणि दोघांच्या तोंडाशी हे बेट बुचासारखं बसलंय. हे बेट ज्याच्या हातात त्याच्या हातात आतल्या मुलखाचा सगळा व्यापार. म्हणूनच इथे शहर उभं राहिलं. कागदोपत्री त्याचा पहिला उल्लेख १२५२ सालचा आहे आणि संस्थापकाचा मान बिरियर यार्ल या सत्ताधीशाला दिला जातो.

मुख्य रस्त्यावर, वेस्टरलाँगगातानवर, सगळे पर्यटक आणि सगळी फ्रिज-मॅग्नेटची दुकानं. तो ओलांडून वरच्या प्रेस्टगातान गल्लीत शिरा. त्याच रांगेत दहा पावलांवर निम्मी गर्दी असते. कोकब्रिंकेन नावाचा उतार जिथे तिला छेदतो त्या कोपऱ्यावर थांबा आणि गुडघ्याच्या उंचीला बघा. घराच्या भिंतीत वायकिंग काळातला, रून या जुन्या लिपीत कोरलेला एक दगड चक्क चिऱ्यासारखा बसवलाय. मेलेल्या मुलाच्या आठवणीत आईबापांनी उभारलेला तो स्मृतिशिला, पुढे कुणीतरी बांधकामाचा माल म्हणून वापरला. त्याच्या पुढ्यात एक जुनी तोफेची नळी उभी रोवली आहे. वळणाऱ्या गाड्यांची चाकं भिंतीला घासू नयेत म्हणून. आपल्याकडे वाड्यांच्या कोपऱ्यांना दगड लावतात, तसलीच ही युक्ती. माणसं दिवसभर तिथून जातात आणि शंभरातल्या पाचांचंही तिकडे लक्ष जात नाही.

तिथून स्तूरतोरियेत, म्हणजे मोठा चौक, दोन मिनिटांवर. लाल-पिवळ्या घरांचा तो फोटो तुम्ही पाहिलेलाच असतो. नोव्हेंबर १५२० मध्ये डेन्मार्कच्या दुसऱ्या क्रिस्तियान राजाने याच चौकात ऐंशीच्या वर सरदार, बिशप आणि नागरिकांची डोकी उडवली. लाल घराच्या दर्शनी भागावर बसवलेले पांढरे दगड म्हणजे मेलेल्यांची मोजणी, असं सांगतात. ऐकायला बरं आहे, पण घराला आजचं रूप त्या कत्तलीनंतर शतकाहून अधिक काळाने मिळालं.

चौकाच्या एका बाजूला जुन्या शेअरबाजाराच्या इमारतीत नोबेल संग्रहालय आहे. लहान आहे, तासाभरात होतं. विजेत्यांनी भेट दिलेल्या साध्यासुध्या वस्तू हेच त्याचं वैशिष्ट्य. अमर्त्य सेन यांनी दिलेली त्यांची सायकल आपल्याला थांबवते. कॅफेतली खुर्ची उलटी करून बघायला लाजू नका, तिथल्या खुर्च्यांच्या खालच्या बाजूला विजेत्यांच्या सह्या असतात. साहित्याचं नोबेल ठरवणारी स्वीडिश अकादमी याच इमारतीत वरच्या मजल्यावर आहे. टागोरांना १९१३ साली पुरस्कार मिळाला, पण तो ठरवणारी बैठक मात्र इथे नव्हती. अकादमी या इमारतीत नंतर आली.

राजवाडा समोरच. जुना तीन मुकुटांचा किल्ला १६९७ मध्ये जळाला, आणि त्याच जागी उभा राहिलेला हा वाडा १७५४ मध्ये राहण्याजोगा झाला. सहाशेच्या वर खोल्या आहेत. माझं स्पष्ट मत: राजस्थान किंवा म्हैसूर पाहिलेल्या माणसाने आतल्या दालनांवर पैसे खर्च करू नयेत. त्यापेक्षा पहारेकऱ्यांची अदलाबदल बघा. उन्हाळ्यात ती रोज असते, साधारण सव्वाबाराला आणि रविवारी सव्वा वाजता, आणि फुकट. वीस मिनिटं आधी जाऊन दोरीला लागून उभं राहा.

मुलं बरोबर असतील तर वाड्यासमोरच्या फिनिश चर्चच्या मागच्या अंगणात जा. तिथे लोखंडी मुलगा बसलाय, उंची फक्त १५ सेंटीमीटर. गुडघे पोटाशी घेऊन चंद्राकडे बघतोय. लिस एरिक्सन या शिल्पकाराने तो १९६७ मध्ये पुरा केला. येणारा-जाणारा डोक्यावरून हात फिरवतो, त्यामुळे टाळू गुळगुळीत झालंय, आणि पुढ्यात नाणी ठेवलेली असतात. नोटा न घेणाऱ्या शहरात नाणी येतात कुठून, कोण जाणे. थंडीत कुणीतरी त्याला विणलेली टोपी आणि मफलर घालून जातं. सासूबाईंनी हे ऐकलं आणि पुढच्या वेळी ठाण्याहून लिंबाएवढी लोकरीची टोपी विणून आणली. घातली तेव्हा नाकापर्यंत आली.

जेवण मात्र या बेटावर नको. भाव पर्यटकांचे आणि चव बेताची. गाम्ला स्तान सोडून जाताना उत्तरेकडच्या पुलावर थांबा. सरोवराचं पाणी इथे खळाळत समुद्रात उतरतं. संसद आणि राजवाडा यांच्या मधोमध लोक गळ टाकून सामन मासे धरत असतात. हा हक्क सामान्यांना सतराव्या शतकातल्या राणी क्रिस्तिनाच्या काळापासून आहे.

दुपारी नगरभवन. जाताना रिद्दारहोल्मन बेटाच्या पश्चिम काठावरून जा, कारण नगरभवनाचा सगळ्यात चांगला फोटो पाण्यापलीकडून येतो. रागनार ओस्टबेरी या वास्तुकाराची ही इमारत १९२३ मध्ये खुली झाली. सुमारे ८० लाख विटा लागल्या आहेत. आत फक्त गाइडबरोबर जाता येतं, फेरी पाऊण तासाची असते. कार्यक्रम असला की फेऱ्या रद्द होतात, म्हणून सकाळीच वेळ बघून ठेवा.

आत 'निळं दालन' निळं नाही. भिंतींना निळा गिलावा द्यायचं ठरलं होतं, पण उघड्या लाल विटा बघून वास्तुकाराचाच विचार बदलला. नाव तेवढं राहिलं. १० डिसेंबरला नोबेलची मेजवानी इथे होते. पुरस्कार मात्र इथे देत नाहीत, तो समारंभ ह्योतोरियेत चौकातल्या संगीतसभागृहात असतो. वरचं सोनेरी दालन १ कोटी ८० लाखांहून जास्त काचेच्या आणि सोन्याच्या तुकड्यांनी मढवलंय. समोरच्या भिंतीवर मेलारेनची राणी बसली आहे, डोळे वटारलेले आणि केस सापांसारखे. उद्घाटनानंतर लोकांनी तिला कुरूप म्हणून नावं ठेवली होती. मला ती आवडते. जत्रेतल्या देवीसारखी वाटते. उन्हाळ्यात १०६ मीटरच्या मनोऱ्यावर जाता येतं, पण लिफ्ट अर्ध्यापर्यंतच आहे. गुडघेवाल्यांनी खाली बागेत पाण्याकाठी बसावं.

दुसरा दिवस: यूरगोर्दन

या बेटासाठी अख्खा दिवस ठेवा. मध्यवर्ती भागातून सात नंबरची ट्राम घ्या आणि वासा नावाच्या जुन्या लढाऊ जहाजाचं संग्रहालय उघडतं तेव्हाच दारात हजर राहा. जून ते ऑगस्ट साडेआठला, एरवी दहाला. अकरानंतर क्रूझ जहाजांच्या बसेस येतात आणि मग नुसत्या पाठी बघाव्या लागतात. तीनच दिवसांतून एकच गोष्ट बघायची म्हटली, तर ही.

गोष्ट अशी. पोलंडशी लढाई चालू होती आणि गुस्ताव दुसरा आडोल्फ राजाला दोन मजली तोफांचं दिमाखदार लढाऊ जहाज हवं होतं. निघण्याआधी जहाज हलतं की नाही हे बघायला ३० माणसांना डेकवर या काठावरून त्या काठावर पळवलं. जहाज इतकं डुलायला लागलं की तिसऱ्या फेरीनंतर ॲडमिरलने चाचणी थांबवली. पण राजा मोहिमेवर होता, त्याची तगाद्याची पत्रं येत होती, नाही कोण म्हणणार? १० ऑगस्ट १६२८ रोजी ६४ तोफांची वासा किनाऱ्यावरच्या गर्दीसमोर निघाली. सुमारे १३०० मीटर गेली, वाऱ्याचा झोत आला, ती कलली, खालच्या मजल्यावरच्या तोफांच्या उघड्या झडपांतून पाणी शिरलं आणि ती बुडाली. अंदाजे ३० माणसं गेली. चौकशी झाली, पण शिक्षा कुणालाच झाली नाही.

१९५६ मध्ये आंदेश फ्रान्सेन यांनी ती शोधली आणि २४ एप्रिल १९६१ रोजी, ३३३ वर्षांनी, ती वर आली. टिकली कशी, याचं उत्तर पुन्हा पाण्यातच आहे. बाल्टिकचं पाणी इतकं कमी खारट की लाकूड पोखरणारा समुद्री किडा तिथे जगत नाही. वर काढल्यावर लाकूड वाळून चिरफळू नये म्हणून १७ वर्षं तिच्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या रसायनाची फवारणी चालली. आज दिसतं त्यातलं ९८ टक्के मूळचं आहे.

बघायची कशी ते सांगते. शिरल्या शिरल्या अंधार वाटतो, डोळे सरावू द्या. आधी छोटा माहितीपट बघा. मग लिफ्टने सगळ्यात वरच्या मजल्यावर जा आणि एकेक मजला उतरत या, म्हणजे चढ लागत नाही आणि जहाज डोलकाठीपासून तळापर्यंत उलगडतं. मागच्या बाजूच्या कोरीवकामापाशी सावकाश थांबा, सिंह, राजे, रोमन शिपाई, शत्रूची टिंगल करणाऱ्या आकृत्या, सगळं तिथे आहे. ते एके काळी भडक रंगांत रंगवलेलं होतं आणि एका भागाची रंगीत प्रतिकृती शेजारी ठेवली आहे. दक्षिणेकडच्या देवळाच्या गोपुराची आठवण येते. जहाजावर कारागिरांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या: दोन १२ इंची स्वीडिश फुटाच्या, दोन ११ इंची ॲमस्टरडॅमच्या फुटाच्या. नवरा इंजिनियर, तो या ठिकाणी दर वेळी हसतो आणि आपल्या ऑफिसातल्या प्रोजेक्टांची नावं घेतो. लाकडासाठी आत थंड ठेवलेलं असतं, स्वेटर बाहेर ठेवू नका. १८ वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट.

जेवण इथेच उरकून स्कान्सेनला जा. आर्तूर हासेलियूस यांनी १८९१ मध्ये सुरू केलेलं हे जगातल्या सगळ्यात जुन्या खुल्या संग्रहालयांतलं एक. कोथरूडचा मस्तानी महाल उचलून केळकर संग्रहालयात आणून उभा केलाय ना, तसं. फक्त इथे देशभरातून दीडशेच्या आसपास घरं, चर्च, पवनचक्क्या आणून एका टेकडीवर गावच वसवलंय. जुन्या वेषातली माणसं चुलीवर पातळ भाकऱ्या भाजत असतात आणि प्रश्न विचारला की खुलतात. काचकामाची भट्टी चुकवू नका. पलीकडे अस्वलं, मूस नावाची थोराड हरणं, लांडगे असे इथलेच प्राणी. टेकडी दमवते. तळापासून वर जाणारी छोटी रेल्वे चालू असेल तर तीच घ्या.

'आबा' (ABBA) या स्वीडिश पॉप गटाच्या गाण्यांवर वाढलेलं कुणी बरोबर असेल, तर २०१३ मध्ये उघडलेलं त्यांचं संग्रहालय दोन पावलांवर आहे. नसेल तर सोडून द्या.

परतताना ट्राम नको. ८२ नंबरची फेरीबोट स्लुसेनला सोडते आणि एसएलचं तिकीट तिच्यावर चालतं. शेकडो क्रोनर देऊन पर्यटकांच्या बोटीतून जे दिसतं, त्यातलं बरंचसं या दहा-पंधरा मिनिटांत दिसतं. डेकवर उजवीकडे उभं राहा. गाम्ला स्तान हळूहळू मोठं होत समोर येतं.

स्लुसेन म्हणजे सॉदरमाल्म बेटाचं तोंड. रात्रीचं जेवण उरकून, शेजारच्या मारियातोरियेत स्टेशनपासून दहा मिनिटं चालत मोन्तेलियूसवेगेन गाठा. कड्याच्या काठाने जाणारी ही जेमतेम अर्ध्या किलोमीटरची पायवाट आहे, तिकीट नाही. समोर पाणी, पलीकडे नगरभवन, आणि जूनमध्ये दहा वाजताचं ऊन.

मधल्या वेळचं खाणं

दुपारी ११ ते दीडच्या दरम्यान बहुतेक हॉटेलांत 'दागेन्स रेट' असतं: रोजचा एक पदार्थ, सॅलड, ब्रेड आणि कॉफी एकाच भावात. रात्री त्याच टेबलावर दुप्पट द्यावे लागतात, म्हणून मुख्य जेवण दुपारी करा. शाकाहाराला 'वेगेतारिस्क्त' म्हणतात आणि तो सगळीकडे मिळतो, पण अंडं न खाणाऱ्यांनी 'उतान एग', म्हणजे अंड्याशिवाय, असं वेगळं सांगावं. पाणी नळाचं प्या, बाटली विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात. आणि फीका. कॉफीबरोबर काहीतरी गोड खात निवांत बसणं, याला इथे हे नाव आहे. दालचिनीचा बन प्रसिद्ध आहे, पण तुम्ही 'कार्देमुम्माबुले' मागा. भरड कुटलेल्या वेलचीचा तो बन गरम असताना फोडला की वास थेट आपल्या शिऱ्याचा. मामीचा चेहरा त्या सबंध दिवसात तेवढा एकदाच खुलला होता.

तिसरा दिवस: आकाश बघून ठरवा

ऊन असेल तर बेटांकडे. शहराबाहेर बाल्टिकमध्ये सुमारे ३०,००० लहानमोठी बेटं आणि खडक पसरले आहेत. पहिल्या खेपेला वाक्सहोल्म पुरे. राष्ट्रीय कलासंग्रहालयाजवळच्या स्ट्रॉमकायेन धक्क्यावरून वाक्सहोल्मची सार्वजनिक बोट निघते आणि तासा-सव्वातासात पोचवते. रंगीत लाकडी घरं, समोर पाण्यात जुना किल्ला, दोन-तीन तासांत गाव फिरून होतं. परतताना ६७० नंबरची बस घ्या, पास चालतो. जाताना बोट आणि येताना बस हा हिशेब मला सगळ्यात पटलाय. दोन्हीकडून बोट केली की परतीला सगळे पेंगतात.

चौथा दिवस हाताशी असेल तर ड्रोटनिंगहोल्म. राजघराणं राहतं तो वाडा, १९९१ पासून युनेस्कोच्या यादीत, आणि शेजारी १७६६ चं नाट्यगृह, ज्याची लाकडी यंत्रं अजून चालतात. नाटकवेड्या मराठी माणसाने राजवाड्याआधी हे नाट्यगृह बघावं.

पाऊस असेल तर छत्री नको, मेट्रो घ्या. शंभर स्टेशनांपैकी नव्वदच्या वर स्टेशनांत कलाकृती आहेत. ७५ मिनिटांच्या एका तिकिटात चार-पाच निवांत होतात. ६७० ची बस जिथे सोडते त्या तेक्निस्का होगस्कोलानपासून सुरुवात करता येते. मग एक स्टेशन अलीकडे स्तादियोन, निळ्या खडकावर इंद्रधनुष्य. तिथून टी-सेन्ट्रालेन. निळ्या मार्गिकेच्या फलाटावर गुहेच्या छताला निळ्या वेली चढल्या आहेत, १९७५ मधलं पेर ऊलोफ उल्तवेद यांचं काम. गर्दीच्या स्टेशनात माणसाला शांत वाटावं म्हणून त्यांनी निळा रंग निवडला. वर नीट बघितलं तर स्टेशन बांधणाऱ्या कामगारांच्या निळ्या आकृत्याही दिसतात.

शेवट सोल्ना सेन्ट्रुमला करा, आकाल्लाकडे जाणारी ११ नंबरची गाडी. गुहा रक्तासारखी लाल आणि खाली हिरवं सूचीपर्णी जंगल. वर जाणाऱ्या लांब सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहा, डावी बाजू धावणाऱ्यांची.

हा माझा घरचा मार्ग. वेळ असेल तर त्याच गाडीने पुढे किस्त्यापर्यंत या. हालोनबेरियेन सुटलं की खिडकीला नाक लावून बसा. शूमलिंगे नावाचं एक अर्धवट राहिलेलं स्टेशन मागे जातं, नुसतं काँक्रीट, ना पाटी ना माणूस. तिथे गाडी कधीच थांबलेली नाही, आणि तिथे फक्त मेलेलेच उतरतात असं इथे गमतीने म्हणतात. मामीला मी हे सांगितलं तेव्हा तिने पाय समोरच्या बाकाखाली लांब केले आणि म्हणाली, "बरं झालं, मला नाहीतरी उतरायचं नाहीये."